घरची मोटार आणि तरुण सारथी

कुटुंबासाठी मोटार घ्यावयाचे ठरले, की घरात पहिली चर्चा होते ती किमतीची, दुसरी रंगाची आणि तिसरी शेजाऱ्याच्या मोटारीची. सुरक्षिततेचा विषय निघालाच, तर तो बहुधा घरातील आजीच्या तोंडून निघतो आणि ‘सांभाळून चालवा म्हणजे झाले’ एवढ्यावर संपतो. अलीकडे या चर्चेत दोन नव्या गोष्टींची भर पडली आहे. घ्यावयाची मोटार पुष्कळदा विजेची असते. आणि घरातील मुलगा वा मुलगी नुकतीच अठरा वर्षांची झालेली, किंवा व्हावयाच्या बेतात असते. मोटार आज वडिलांच्या हाती असली, तरी उद्या तिची किल्ली त्या तरुण हातात जाणार हे घरातील प्रत्येकजण मनोमन जाणून असतो.

अशा वेळी ‘सांभाळून चालवा’ हा उपदेश पुरेसा आहे काय? या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या सुमारे एकशे चाळीस वर्षांच्या इतिहासात सापडते. तो इतिहास थोडक्यात सांगावयाचा तर असा : प्रारंभी सुरक्षिततेचा सारा भार चालकावर होता, पुढे मोठ्या प्रयत्नाने तो यंत्रावर आणि यंत्र बनविणारांवर आला, आणि आजच्या विजेच्या मोटारीने त्यातील काही भाग पुन्हा माणसाकडे परत केला आहे.

मोटारीचा पहिला लांबचा प्रवास हा एक कौटुंबिक प्रवासच होता. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील मानहाइम गावाहून बेर्टा बेन्झ ही स्त्री, पतीने बनविलेली तीनचाकी मोटार घेऊन, पतीला न सांगता माहेरी फोर्झहाइमला निघाली. बरोबर तिचे ओयगेन आणि रिचर्ड हे पंधरा व तेरा वर्षांचे दोन मुलगे होते. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक आणि वेग सायकलस्वाराइतका. चढ लागला की मोटार ढकलावी लागे; उतार लागला की लाकडी ब्रेक झिजत. तेव्हा वाटेतील एका जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून बेर्टाबाईंनी त्या ब्रेकवर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या सुरक्षिततेतील एक अगदी आरंभीची सुधारणा ही अशी एका आईच्या व्यवहारबुद्धीतून झाली. त्या दिवशी दोन्ही मुले सुखरूप आजोळी पोचली; पण त्याचे श्रेय मोटारीच्या मंद गतीलाही दिले पाहिजे. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरांच्या वेगात चूक झाली, तरी तिची शिक्षा बेताचीच असते.

विजेची मोटार ही आजची नवलाई आहे, असा एक समज आढळतो. वस्तुतः पेट्रोलची आणि विजेची मोटार या जवळजवळ समवयस्क बहिणी होत. ताशी शंभर किलोमीटरांची मर्यादा मोटारीने प्रथम ओलांडली ती १८९९ साली, आणि ती मोटार विजेची होती. कामीय झेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने पॅरिसजवळ हा विक्रम केला. त्याच वर्षी १३ सप्टेंबर रोजी न्यूयॉर्क शहरात हेन्री ब्लिस नावाचे गृहस्थ ट्राममधून उतरत असता त्यांना एका टॅक्सीची धडक बसली व दुसऱ्या दिवशी ते मृत्यू पावले. अमेरिकेत मोटारीने घेतलेला पहिला बळी म्हणून त्यांची नोंद आहे. आणि ती टॅक्सीही विजेवर चालणारीच होती. चालकाला अटक झाली व पुढे तो निर्दोष सुटला. वेगाचा विक्रम आणि पादचाऱ्याचा मृत्यू या दोन्ही घटना विजेच्या मोटारीच्या नावावर एकाच वर्षी नोंदल्या गेल्या, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तथापि त्यानंतरच्या वीस वर्षांत विजेच्या मोटारीने लौकिक मिळविला तो सौम्यपणाचा. पेट्रोलची मोटार सुरू करावयाची तर पुढे उभे राहून लोखंडी दांडा जोराने फिरवावा लागे, आणि तो उलट फिरला तर मनगट मोडे. विजेच्या मोटारीला धूर नव्हता, गडगडाट नव्हता, गिअर बदलण्याचा त्रास नव्हता. शहरातील स्त्रिया आणि घरोघर फिरणारे डॉक्टर यांच्यात ती प्रिय झाली. पेट्रोलच्या मोटारींचा कारखाना ज्यांच्या नावाने चाले त्या हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा या स्वतः १९१४ साली बनलेली ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही विजेची मोटार वापरीत. तिचा वेग ताशी तीस-चाळीस किलोमीटरांच्या घरात. कुटुंबाला निर्धास्तपणे वापरता येईल अशी मोटार म्हणून तिची जी ख्याती झाली, ती मुख्यतः या बेताच्या वेगामुळे.

पुढे १९१२ साली चार्ल्स केटरिंग यांनी बनविलेली, बटण दाबताच पेट्रोल-यंत्र सुरू करणारी विजेची योजना कॅडिलॅक मोटारीत आली. दांडा फिरविण्याची यातना संपली, पेट्रोल स्वस्त होते, फोर्ड यांची मोटार त्याहून स्वस्त होती. विजेची मोटार हळूहळू रस्त्यावरून नाहीशी झाली आणि वेगवान पेट्रोल-मोटारीचे युग सुरू झाले.

या युगात अपघात वाढले; पण त्यांचा विचार एकाच दिशेने होत राहिला. अपघात म्हणजे चालकाची चूक, आणि उपाय म्हणजे चालकाला शिस्त. रस्त्यावर सूचनाफलक लागले, शाळांतून व्याख्याने झाली, दंड झाले. मोटारीच्या आत मात्र पोलादी टोकदार कळा, भाल्यासारखा सरळ छातीकडे येणारा सुकाणूचा दांडा आणि धक्क्यासरशी उघडणारी दारे तशीच राहिली. चूक माणसाची असली तरी तिची शिक्षा मृत्यूच का असावी, हा प्रश्न विचारणारी माणसे उशिरा पुढे आली.

त्यांतील अग्रणी ह्यू डीहेवन. पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानविद्या शिकत असताना १९१७ साली त्यांचे विमान दुसऱ्या विमानावर आदळले आणि ते आश्चर्यकारक रीतीने वाचले. आपण का वाचलो, याचा ध्यास त्यांनी आयुष्यभर घेतला. उंच इमारतींवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचा अभ्यास करून १९४२ साली त्यांनी दाखविले, की माणसाचे शरीर समजतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक आघात सोसू शकते. मात्र तो आघात थोड्या अधिक अंतरावर आणि शरीराच्या अधिक भागावर वाटला गेला पाहिजे. अमेरिकी विमानदलातील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी तर हा प्रयोग स्वतःच्या देहावर केला. १० डिसेंबर १९५४ रोजी अग्निबाणाने ढकललेल्या गाड्यावर पट्ट्यांनी घट्ट बांधून घेऊन ते ताशी हजार किलोमीटरांवर वेगाने गेले आणि सुमारे दीड सेकंदात थांबले. डोळ्यांत रक्त उतरले, पण ते जगले. पट्ट्याचे सामर्थ्य याहून प्रत्यक्ष रीतीने कोणी सिद्ध करावयाचे?

याच सुमारास युरोपात बेला बारेन्यी या अभियंत्याने एक उलटा वाटणारा विचार मांडला. मोटार जितकी कठीण तितकी सुरक्षित, असे सर्व मानीत. बारेन्यी म्हणाले, मधली बैठक कठीण असावी, पण पुढचा व मागचा भाग मुद्दाम चुरगळणारा असावा, म्हणजे आघाताची शक्ती लोखंड चुरगळण्यात खर्च होईल. १९५९ साली मर्सिडीझ कंपनीने या तत्त्वावर मोटार बनविली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये व्होल्व्हो कंपनीच्या निल्स बोलिन यांनी खांद्यावरून व कमरेवरून जाणारा, तीन ठिकाणी अडकविलेला पट्टा मोटारीत बसविला. बोलिन पूर्वी लढाऊ विमानांच्या आसनांवर काम करीत. या पट्ट्याचे हक्क कंपनीने इतर उत्पादकांसाठी खुले ठेवले. आज जगातील बहुतेक प्रत्येक मोटारीत असलेला पट्टा तो हाच.

शोध लागले, पण ते बाजाराच्या मर्जीवर राहिले. १९६५ साली राल्फ नेडर या तरुण वकिलाचे अमेरिकी मोटारींच्या दोषांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९६६ साली तेथे मोटारीच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. त्या कायद्याने निर्माण झालेल्या कार्यालयाचे पहिले प्रमुख विल्यम हॅडन हे सार्वजनिक आरोग्याचे डॉक्टर होते. त्यांनी अपघाताकडे रोगाच्या साथीकडे पाहावे तसे पाहिले आणि त्याचे तीन काळ पाडले : टक्कर होण्यापूर्वी, टक्कर होताना आणि टक्कर झाल्यानंतर. या प्रत्येक काळी माणूस, यंत्र आणि परिसर यांनी काय करावे याचे त्यांनी मांडलेले कोष्टक आजही अभ्यासकांच्या हाती असते. कुटुंबाने मोटार निवडतानाही त्याचा चांगला उपयोग होतो, हे पुढे दिसेल.

कायद्यानंतर आली परीक्षा, आणि परीक्षेबरोबर तारका. १९७९ साली अमेरिकेत सरकारने मोटारी भिंतीवर आदळून त्यांचे निकाल प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १९९७ साली ‘युरो एनकॅप’ या संस्थेने युरोपात तेच केले. तिच्या पहिल्या निकालांत ‘रोव्हर १००’ या मोटारीला एकच तारका मिळाली आणि वर्षभरात त्या मोटारीचे उत्पादन थांबले. खरेदीदाराच्या हाती माहिती आली की काय घडते, याचा तो धडा होता. १९९५ पासून आणखी एक मोलाची योजना मोटारीत येऊ लागली. मोटार घसरू लागताच ती नेमक्या एका चाकाला ब्रेक लावून तिला मार्गावर आणते. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ईएससी’ म्हणतात. या योजनेमुळे एकट्या मोटारीच्या प्राणघातक अपघाताचा धोका जवळजवळ निम्म्याने घटतो, असे अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या संशोधन-संस्थेला आढळून आले.

भारतात ही परीक्षा उशिरा आली. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ने भारतातील पाच लोकप्रिय लहान मोटारी ताशी ६४ किलोमीटरांच्या वेगाने आदळून पाहिल्या, प्रौढांच्या रक्षणाबद्दल त्यांतील एकीलाही एकही तारका मिळाली नाही. लाखो कुटुंबे ज्यांत मुलांना बसवून फिरत होती, त्या मोटारींचा तो निकाल होता. पण पाचच वर्षांत चित्र पालटले. डिसेंबर २०१८ मध्ये टाटांची ‘नेक्सॉन’ ही पाच तारका मिळविणारी पहिली भारतीय मोटार ठरली. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपल्या देशाची स्वतःची परीक्षा लागू झाली. जून २०२४ मध्ये ‘पंच’ आणि ‘नेक्सॉन’ यांच्या विजेवरील आवृत्तींना या परीक्षेत पाच तारका मिळाल्या. जानेवारी २०२५ मध्ये महिंद्रांच्या दोन विजेच्या मोटारींनाही तेच यश आले.

विजेच्या मोटारीपुरते पाहिले, तर हे स्थित्यंतर अधिकच ठळक आहे. २००१ साली बंगळूरमध्ये ‘रेवा’ ही छोटी विजेची मोटार निघाली. दोन प्रौढ आणि दोन लहान मुले एवढे कुटुंब तिच्यात बसे. लंडनमध्येही ती पुष्कळ विकली गेली. तेथे ती मोटार म्हणून नव्हे, तर ‘चारचाकी हलके वाहन’ या वेगळ्या वर्गात नोंदली जाई व त्यामुळे तिला टकरीच्या नेहमीच्या परीक्षा द्याव्या लागत नसत. २००७ साली तेथे झालेल्या चाचणीत आतील माणसांना गंभीर इजा होण्याचा धोका दिसून आला. म्हणजे वीस वर्षांपूर्वी विजेची मोटार घेणे म्हणजे पर्यावरणासाठी थोडी सुरक्षितता गहाण टाकणे होते. आज तसे राहिलेले नाही. बॅटरीचे ओझे तळाशी असल्याने मोटार सहजासहजी उलटत नाही. पुढे जड इंजिन नसल्याने तो भाग चुरगळण्यास मोकळा राहतो.

बॅटरीच्या आगीची भीती मात्र लोकांच्या मनात असते व ती अगदीच निराधार नाही. मे २०११ मध्ये अमेरिकेत ‘शेव्हरोले व्होल्ट’ या मोटारीची बाजूच्या टकरीची सरकारी चाचणी झाली. मोटार परीक्षेत उत्तीर्ण झाली, आवारात उभी करून ठेवली गेली आणि सुमारे तीन आठवड्यांनी आपोआप पेटली. चाचणीत बॅटरीला इजा होऊन आतील शीतक द्रव गळला होता. कंपनीने बॅटरीभोवतालचा सांगाडा बळकट केला. जानेवारी २०१२ मध्ये चौकशी संपली. त्यातून मिळालेला धडा असा, की टकरीनंतर विजेची मोटार वरून धड दिसली, तरी तिची बॅटरी तपासल्याखेरीज ती घराच्या आवारात आणू नये. आजच्या पुष्कळ मोटारींत वापरल्या जाणाऱ्या लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटऱ्या उष्णता अधिक सोसतात, हीही जमेची बाजू होय.

येथवर यंत्राची कथा झाली. तरुण चालकाची कथा वेगळी आहे, आणि ती प्रथम न्यूझीलंडने नीट वाचली. तरुणांचे अपघात केव्हा होतात, हे पाहता दोन गोष्टी वारंवार दिसत : रात्रीची वेळ आणि मोटारीत बसलेले समवयस्क मित्र. मुलगा एकटा असता जे करणार नाही, ते चार मित्रांसमक्ष करून दाखवितो. धोका तोलून पाहणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे यात केवळ स्वभावाचा दोष नाही, वयाचाही आहे. १९८७ साली न्यूझीलंडने पायरीपायरीचा परवाना सुरू केला. आधी शिकाऊ, मग मर्यादित, मग पूर्ण. मर्यादित परवान्यावर रात्री दहा ते पहाटे पाच मोटार चालवावयाची नाही व अनुभवी माणूस शेजारी नसेल तर मित्रांना बसवावयाचे नाही. १९९६ साली अमेरिकेत फ्लॉरिडा राज्याने हा मार्ग धरला व पुढे इतर राज्यांनीही तो स्वीकारला.

तरुणासाठी मोटार कोणती, याचाही विचार तेथे झाला. वर उल्लेखिलेल्या विमा-संशोधन संस्थेने २०१४ साली तरुण चालकांना योग्य अशा मोटारींची यादी प्रथम काढली. तिची तत्त्वे साधी होती : फार अश्वशक्तीची मोटार नको, फार लहान व हलकी नको, घसरण रोखणारी योजना हवीच, आणि टकरीच्या परीक्षांत चांगले गुण हवेत. फोर्ड कंपनीने २००८ साली जाहीर केलेली एक खास किल्ली तर पालकांसाठीच होती. मुलाच्या हाती ती दिली, की मोटारीचा कमाल वेग मर्यादित होई आणि पट्टा बांधल्याशिवाय गाणी वाजत नसत.

आता या दोन कथा एकत्र आणल्या, म्हणजे आजच्या विजेच्या मोटारीचे खरे वैशिष्ट्य कळते. क्लारा फोर्ड यांची मोटार सौम्य होती. आजची तशी नाही. पेट्रोलच्या यंत्राला जोर धरण्यास अवधी लागतो आणि धरताना ते ओरडून सांगते. विजेची मोटर पायाच्या पहिल्या दाबासरशी आपले सर्व बळ देते, आणि तेही नि:शब्दपणे. एकेकाळी शर्यतीच्या मोटारींनाच साधणारा वेगवर्धनाचा पल्ला आज काही घरगुती विजेच्या मोटारींना सहज साधतो. शिवाय बॅटरीमुळे ती तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल-मोटारीहून काही शे किलोंनी जड असते. हे वजन आतील माणसांना लाभदायक ठरते. समोर सायकल, स्कूटर वा पायी चालणारे माणूस असेल, तर त्याला ते घातकच ठरते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर भागात जे घडले, ते महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतही अजून विसरले गेलेले नाही. सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचा आरोप असलेल्या मोटारीने एका मोटारसायकलीला धडक दिली व तिच्यावरील दोन तरुण अभियंते, एक युवक व एक युवती, जागीच मृत्यू पावले. दोघेही मूळचे मध्यप्रदेशचे. ती मोटार पोर्शे कंपनीची ‘टायकान’, म्हणजे विजेवर चालणारी होती. याच जातीच्या मोटारीला २०१९ साली युरोपातील परीक्षेत पाच तारका मिळालेल्या आहेत. त्या पहाटे मोटारीतील मुले वाचली. तारकांनी आपले काम केले होते. पण ज्यांना मोटारच नव्हती त्यांच्यासाठी त्या तारकांचा काही उपयोग झाला नाही. बालन्याय मंडळाने आरंभी जामीन देताना घातलेल्या अटींत अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. तीवर देशभर संताप उसळला आणि तो आदेश पुढे बदलला गेला.

कायद्याने या बाबतीत पालकाला मोकळे सोडलेले नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने मोटार चालवून गुन्हा केला, तर पालक अथवा मोटारीचा मालक दोषी धरला जातो; तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, बारा महिन्यांसाठी मोटारीची नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. किल्ली कोणी दिली, हा प्रश्न कायदा आता विचारतो. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर कायद्याचा हा पहारा उठतो. पण अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्रीचा मुलगा आणि दुसऱ्या सकाळचा मुलगा यांत फारसे अंतर नसते. न्यूझीलंडसारखी रात्रीची व मित्रांची बंधने आपल्या परवान्यावर नाहीत. ती पायरी घरानेच बांधावयाची आहे.

तेव्हा हॅडन यांच्या तीन काळांच्या आधाराने कुटुंबाने आपली निवड करावी. टक्कर होण्यापूर्वीचा काळ हा सर्वांत महत्त्वाचा. एकाच मोटारीच्या अनेक आवृत्ती निघतात. त्यांतील सर्वांत शक्तिमान आवृत्ती घेण्याचा मोह घरात तरुण चालक असताना टाळावा. घसरण रोखणारी योजना सर्व आवृत्तींत आहे की केवळ महागड्या आवृत्तीत, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. वेगाला मर्यादा घालण्याची सोय आणि जोर कमी करणारी चालनपद्धती असल्यास ती कशी लावावयाची, हे आधी आईवडिलांनी शिकावे. दिवे, काच पुसण्याचे दांडे, हवा यांच्या कळा हाताला लागाव्यात अशा आहेत की सारे काही मोठ्या पडद्यावर बोटाने शोधावे लागते, हेही पाहावे. नवशिक्याची नजर रस्त्यावरून हटता कामा नये.

टक्कर होतानाच्या काळासाठी तारका पाहाव्यात, पण नीट पाहाव्यात. निकाल कोणत्या वर्षीचा, कोणत्या आवृत्तीचा, प्रौढांसाठी किती व मुलांसाठी किती, हे वेगवेगळे वाचावे. समोरासमोरची चाचणी ताशी ६४ किलोमीटरांची असते, हेही विसरू नये. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी शंभर किलोमीटरांना ती ६४ च्या सुमारे अडीचपट होते. पाच तारका म्हणजे वाटेल त्या वेगाचे अभयपत्र नव्हे. पट्ट्याचा नियम मागील आसनालाही तितकाच लागू. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी मृत्यू पावले. दोघेही मागे बसले होते आणि दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता. पुढे बसलेले दोघे वाचले.

आपल्याकडे एक जुनी रीत आहे : नवी मोटार वडिलांनी वापरावयाची आणि मुलाला शिकण्यासाठी जुनी द्यावयाची. चार ओरखडे उठले तर जुन्यावर उठोत, हा त्यातील हिशेब. पण त्यामुळे घरातील सर्वांत कच्चा चालक सर्वांत दुबळ्या मोटारीत बसतो, आणि ती मोटार बहुधा तारकांपूर्वीच्या काळातील असते. ओरखड्याचा हिशेब पत्र्याशी करावा. मुलाशी करू नये. नव्या मोटारीवर ओरखडा पडला तर पडू द्यावा.

टक्कर झाल्यानंतरचा काळ येऊ नये, हीच प्रार्थना; पण तयारी असावी. आघात होताच उच्च दाबाची वीज आपोआप तुटते की नाही, जवळचे दुरुस्तीगृह बॅटरी तपासण्यास समर्थ आहे की नाही, हे खरेदीपूर्वी विचारावे. नारिंगी रंगाच्या जाड तारांना हात लावू नये, हे मुलांना पहिल्या दिवशी सांगावे.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांतील फार मोठा भाग दुचाकीवरच्या व पायी चालणाऱ्या माणसांचा होता. म्हणून तरुण सारथ्याला शिकवितांना मोटारीबाहेरच्या माणसाची ओळख आधी करून द्यावी. पहिले वर्षभर रात्रीचे चालविणे नाही, मित्रांची गर्दी नाही, शेजारच्या आसनावर आई वा वडील, असा नियम घराने आनंदाने पाळला तर तो शिक्षा वाटत नाही. आणि आईवडिलांनी स्वतः पट्टा बांधला, सिग्नलला थांबून राहिले, हातातील फोन खाली ठेवला, तर निम्मे शिक्षण न बोलता होते.

डीहेवन, स्टॅप, बारेन्यी, बोलिन, हॅडन यांनी चाळीस-पन्नास वर्षे झटून माणसाच्या चुकीची शिक्षा कमी केली. त्यांचे ऋण आजच्या प्रत्येक मोटारीत पट्ट्याच्या व तारकांच्या रूपाने उभे आहे. त्यांना जे करता आले नाही ते एवढेच, की कोणत्या घरात, कोणत्या वयात, किती वाजता किल्ली कोणाच्या हाती द्यावयाची, हे ठरविणे. तो निर्णय कारखान्यात होत नाही. तो घरातच, आणि मोटार दारात येण्यापूर्वीच झालेला बरा.